टू-पीस, थ्री-पीस की बटरफ्लाय? घरच्या बिअरसाठी व्हॉल्व्ह निवडताना

किंमत नंतर बघा. व्हॉल्व्ह कुठे बसणार आहे, ते आधी ठरवा. (महाराष्ट्रात परवान्याशिवाय घरी बिअर करायला कायद्याची मनाई आहे; ही माहिती अमेरिकेसारख्या, मुभा असलेल्या देशांतल्या मंडळींसाठी.)

उकळायच्या पातेल्याला टू-पीस, म्हणजे दोन भागांचा बॉल व्हॉल्व्ह (आतला भोकाचा गोळा फिरवून उघडणारी तोटी) पुरतो. तोटीतला वॉर्ट (बिअर होण्याआधीचा धान्याचा गोड अर्क) मात्र पातेल्यातल्याइतका तापत नाही. म्हणून तोटीतले जंतूही मरावेत यासाठी, उकळी संपत आली की थोडा वॉर्ट जपून तोटीतून काढायचा आणि परत पातेल्यात ओतायचा.

फर्मेंटरला (वॉर्ट आंबवायच्या भांड्याला) पुढे उकळी नाही, त्यामुळे खरी काळजी तिथेच. बॉल व्हॉल्व्हच्या गोळ्याभोवती पोकळी असते. चावी (तोटीची दांडी) फिरवताना वॉर्ट तिच्यात शिरतो आणि अडकून बसतो. तोटी पूर्ण उघडून पाणी सोडलं, तर ते गोळ्याच्या भोकातून सरळ निघून जातं. पोकळीतला चिकटा तसाच राहतो. बिअर आंबट करणाऱ्या लॅक्टोबॅसिलस, पेडिओकॉकस या जिवाणूंना तेवढं पुष्कळ. चावी अर्धवट उघडी ठेवली तर पीबीडब्ल्यूचं (ब्रुअरीची भांडी धुवायच्या पावडरीचं) गरम पाणी पोकळीत पोचतं, पण उघडून घासण्याची सर त्याला नाही.

टू-पीस उघडायला व्हाइस (शिकंजा) आणि मोठा पाना लागतो, आणि तो वारंवार उघडण्यासाठी केलेलाच नाही. फर्मेंटरला मी तो लावू देणार नाही. थ्री-पीस, म्हणजे तीन भागांच्या बॉल व्हॉल्व्हचे चार बोल्ट सोडले की मधला भाग बाहेर येतो. चावी बंद स्थितीत ठेवा, म्हणजे गोळा बोटाने ढकलला तरी निघतो. उघड्या स्थितीत अडून बसतो. टेफ्लॉनच्या दोन कड्या सांभाळा. गोळा, कड्या, स्टीलचं अंग, सगळं उकळत्या पाण्यात टाकलं तरी चालतं.

बटरफ्लायमध्ये तबकडी आणि तिच्याभोवती रबराची कडी. गोळ्यामागची पोकळीच नाही. तो जोडणारा ट्राय-क्लॅम्प (दोन तोंडं आवळून धरणारी कडी) हाताने सुटतो. हा व्हॉल्व्ह महाग पडतो आणि भांड्यालाही ट्राय-क्लॅम्पचं तोंड हवं, पण दर वेळी बोल्ट सोडायचा कंटाळा येणार असेल तर हाच घ्या.

कोणताही घेतलात तरी आधी धुणं, मग निर्जंतुकीकरण. मळावर स्टार सॅन (निर्जंतुक करायचं द्रावण) काम करत नाही. स्वच्छ भागाला 19 लिटर पाण्यात 30 मिली स्टार सॅन या प्रमाणात एक-दोन मिनिटं बुडवलं की झालं, परत धुवायचं नाही. स्टीलला ब्लीच लावू नका. क्लोरीनमुळे त्यावर बारीक खड्डे पडतात आणि पुढचा मळ त्यांतच धरतो.