मोजल्या, पण बघितल्या नाहीत: प्रागमध्ये गेलेले २०० युरो

चेक प्रजासत्ताकाच्या राजधानीत, प्रागच्या मुख्य रेल्वे स्टेशनसमोर एक मोठी बाग आहे. डिसेंबर २०२४ मधल्या एका शनिवारी, सकाळी साडेअकराच्या सुमारास, त्या बागेच्या कडेला उभं राहून मी २०० युरो एका अनोळखी माणसाच्या हातात दिले आणि त्याच्याकडून पाच नोटा घेतल्या. पाचही नोटा बेलारूस देशाच्या होत्या, २०१६ च्या नोटाबदलानंतर बाद झालेल्या. त्या पैशांत माझे फक्त ५० युरो होते. बाकीचे १५० माझ्यासोबत आलेल्या तिघांचे होते.

मी जर्मनीतल्या ड्रेस्डेनला मास्टर्स करते. युरोपात शिकायला आलेली आपली मुलंमुली सुट्टी मिळाली की पाठीला सॅक लावून निघतातच, आणि निघावंच. पण कुठे काय बघायचं ते सगळे सांगतात, कुठे कसं लुटतात ते सांगायला जो तो लाजतो. मीही बरेच महिने लाजले. आता लिहिते आहे, कारण या ऑक्टोबरात आमच्याकडे आलेल्या नव्या बॅचमधल्या एका मुलाला प्रागमध्ये अगदी असंच फसवलं. मी आधी बोलले असते तर त्याचे पैसे वाचले असते.

पैशाचं गणित आधी सांगते, म्हणजे २०० युरो म्हणजे काय ते कळेल. जर्मनीच्या विद्यार्थी व्हिसासाठी ब्लॉक्ड अकाउंटमध्ये वर्षाचे ११,९०४ युरो भरून ठेवावे लागतात आणि त्यातले महिन्याला ९९२ युरोच हातात येतात. त्यात खोलीचं भाडं, आरोग्य विमा, जेवण, फोन, सगळं. माझे ते ११,९०४ युरो शैक्षणिक कर्जातले आहेत. त्या वर्षी जर्मनीत किमान वेतन तासाला १२.४१ युरो होतं. म्हणजे २०० युरो म्हणजे बेकरीत उभं राहून केलेलं सोळा तासांचं काम. रुपयांत जवळजवळ अठरा हजार.

ड्रेस्डेनहून प्राग रेल्वेने साधारण अडीच तासांवर. गाडी एल्बे नदीच्या काठाकाठाने जाते, सीमा ओलांडली की त्याच नदीचं नाव लाबे होतं. आम्ही चौघं होतो: मी, नागपूरची मैत्रीण, हैदराबादचा एक मुलगा आणि कोचीची एक मुलगी. चौघांसाठी पहिलाच परदेशातला परदेश. चेक प्रजासत्ताक युरोपीय संघात असलं तरी तिथे युरो चालत नाही, कोरुना चालतो, आणि तेव्हा १ युरोला साधारण २५ कोरुना मिळत होते. गाडीतच ठरलं की प्रत्येकाने ५० युरो काढायचे, एकदम बदलून घ्यायचे आणि हिशेब मी ठेवायचा. मी म्हटलं, चालेल. माझे बाबा सांगलीत पतपेढीत कॅशियर आहेत, पैशांचा हिशेब आमच्या घरातलाच.

स्टेशनच्या आतल्या पैसे बदलायच्या खिडकीवरचा दर बघितला तर बाजारभावापेक्षा बराच कमी होता. तिघं कॉफी घ्यायला थांबले आणि मी बाहेर दुसरी खिडकी शोधायला निघाले. बागेच्या तोंडाशी तो भेटला. तिशीचा असेल, स्वच्छ कपडे, हातात कागदी कॉफीचा कप. "इंडिया?" म्हणाला, नमस्ते केलं. इंग्रजी चांगलं होतं. म्हणाला, सोमवारपासून म्युनिकला कामावर रुजू व्हायचंय, मला युरो हवेत. त्या खिडक्यांवर जाऊ नकोस, कमिशन कापतात, मी सरळ २५ ने देतो. त्याने खिशातून १००० कोरुनांची नोट काढून माझ्या हातात दिली. "बघ, नीट बघ." मी बघितली. जांभळट नोट, दाढीवाल्या माणसाचं चित्र. ते फ्रांतिशेक पालात्स्की, चेक इतिहासकार, हे मला नंतर कळलं. नोट खरीच होती.

मग त्याने ती परत घेतली, खिशातल्या गड्डीत घातली आणि माझ्यासमोर मोजायला लागला. एक, दोन, तीन, चार, पाच. मध्येच मागे वळून बघितलं आणि म्हणाला, पोलीस आहेत, रस्त्यावर पैसे बदलायला परवानगी नाही, पटकन ठेव. घडी केलेल्या नोटा माझ्या मुठीत आल्या. मी कोपरा उचलून पुन्हा मोजल्या. १०००, १०००, १०००, १०००, १०००. बरोबर पाच. मी २०० युरो दिले आणि तो गेला.

लहानपणी बाबा मला ऑफिसात नेत तेव्हा त्यांचं एकच सांगणं असायचं: नोट हातात आली की आधी बघायची, मग मोजायची. कागद बोटांत फिरवायचा, उजेडाकडे धरायचा, वॉटरमार्क दिसला की मगच गड्डीत टाकायची. मी त्या दिवशी फक्त मोजल्या. पोलीस हा शब्द ऐकला आणि माझं सगळं लक्ष आपण काही बेकायदा करतोय या भीतीकडे गेलं. त्याला तेच हवं होतं. चांगल्या दराने मी त्याच्यापर्यंत गेले, पण पैसे गेले ते या घाईमुळे.

पाऊण तासाने ओल्ड टाउन स्क्वेअरमध्ये पोहोचलो. १४१० सालचं ते खगोलीय घड्याळ, खाली माणसांचा समुद्र, नाताळबाजाराच्या लाकडी टपऱ्या, भाजक्या साखरेचा वास. गरम वाइनच्या टपरीवर मी चौघांचे पैसे म्हणून एक नोट पुढे केली. बाईने ती घेतली, उलटी केली, माझ्याकडे बघितलं आणि परत ठेवली. "नॉट चेक," एवढंच म्हणाली. मी तेव्हा पहिल्यांदा ती नोट नीट बघितली. तिच्यावर माणसाचा चेहराच नव्हता, एका इमारतीचं चित्र होतं, आणि अक्षरं रशियन वळणाची. चेक कोरुनाच्या प्रत्येक नोटेवर व्यक्तीचं चित्र असतं आणि अक्षरं रोमन असतात. एवढी एक गोष्ट माहीत असती तर बागेतच पकडलं असतं.

माझी खरी चूक यानंतरची आहे. मी मित्रांना म्हटलं, मोठी नोट आहे, सुटे नाहीत म्हणतेय. कार्डाने पैसे दिले. मग स्वच्छतागृहाचं निमित्त काढून जवळच्या गल्लीत पैसे बदलून देणाऱ्या एका खिडकीवर गेले. काचेमागच्या बाईने पाचही नोटा टेबलावर पसरल्या. तिला आश्चर्य वाटलेलं दिसलं नाही, आणि त्याचाच मला धक्का बसला. बेलारूस, म्हणाली. २०१६ साली तिकडे १०,००० जुन्या रुबलचा १ नवा रुबल झाला. म्हणजे माझ्या हातातल्या पाच हजारांचा तेव्हासुद्धा अर्धाच रुबल आला असता, आणि आता तोही नाही. मग तिने आणखी एक सांगितलं. चेक प्रजासत्ताकात एप्रिल २०१९ पासून कायदा आहे: परवानाधारक खिडकीवर १००० युरोपर्यंतची रक्कम बदललीत आणि दर पटला नाही, तर पावती दाखवून तीन तासांच्या आत व्यवहार रद्द करता येतो. तुझ्याकडे पावती आहे का? माझ्याकडे कुठली पावती. स्टेशनच्या आतली ती खिडकी कमी दर देत होती, पण तिथे बदलले असते तर पैसे परत मिळण्याचा हक्क माझ्याकडे होता. रस्त्यावर मी तो हक्कही देऊन टाकला.

आणि तरीही मी परत जाऊन गप्प बसले. दोन तास. घड्याळ बघितलं, चार्ल्स ब्रिजवर फोटो काढले, सगळ्यांबरोबर हसले. पोटात गोळा आला होता. मनात एकच: कॅशियरची मुलगी, आणि दुसऱ्यांचे पैसे. शेवटी नागपूरच्या मैत्रिणीने हात धरून विचारलं, "काय झालंय तुला?" तेव्हा पुलावरच सगळं सांगितलं. हैदराबादचा मित्र एक शब्द न बोलता फोनवर जवळचं पोलीस ठाणं शोधायला लागला. ठाण्यात इंग्रजी बोलणारा पोलीस होता, तक्रार लिहून घेतली, कागदाची प्रत दिली. तो म्हणाला, लगेच आला असता तर एक गाडी त्या बागेकडे पाठवता आली असती. त्या माणसाचं वर्णन विचारलं तेव्हा मला त्याच्या कॉफीचा कप आठवला, चेहरा धड आठवेना. दोन तासांपूर्वी आठवला असता. म्हणून सांगते, असं काही झालं तर लाज नंतर वाटू द्या, आधी १५८ लावा. तो चेक पोलिसांचा नंबर. ११२ तर युरोपीय संघात कुठेही चालतो.

त्याच पोलिसाने या फसवणुकीचं पुढचं रूपही सांगितलं, ते जास्त धोक्याचं आहे. पैसे बदलून झाले की दोन माणसं येतात, ओळखपत्रासारखं काहीतरी झटकन दाखवतात, आम्ही साध्या वेशातले पोलीस म्हणतात, बेकायदा पैसे बदललेत, पाकीट दाखवा, नोटा तपासायच्या आहेत. पाकीट हातात गेलं की उरलेलंही जातं. असं कोणी आलं तर पाकीट काढू नका, पासपोर्ट देऊ नका, "ठाण्यात चला, तिथे दाखवते" म्हणा आणि माणसं असतील तिकडे चालू लागा.

आता मागे बघितलं की वाईट वाटतं ते याचं, की आम्हाला एवढ्या रोख पैशांची गरजच नव्हती. प्रागच्या ट्राममध्येसुद्धा कार्ड टेकवून तिकीट मिळतं. सार्वजनिक स्वच्छतागृह आणि एखादी छोटी टपरी सोडली तर दिवस कार्डावर निघतो. थोडी रोकड हवीच असेल तर बँकेच्या एटीएममधून काढा. तिथे एक खबरदारी घ्या: मशीन विचारतं, रक्कम तुमच्या चलनात, युरोत किंवा रुपयांत, बदलून कापू का? स्क्रीनवर हिरवं मोठं बटण बहुतेकदा त्याचंच असतं. नाही म्हणा. व्यवहार नेहमी स्थानिक चलनात करा, म्हणजे दर तुमची बँक लावते. हो म्हटलंत की दर मशीनवाला लावतो, आणि तो तुमच्या फायद्याचा नसतो. दुकानातल्या कार्ड मशीनवरही हेच. कोचीच्या मैत्रिणीने त्या दिवशी गडबडीत हिरवं बटण दाबलं आणि तिचे बरेच युरो असेच गेले.

मार्च २०२५ मध्ये आम्ही पॅरिसला गेलो. गार दू नोर स्टेशनवर मेट्रोच्या तिकीट मशीनसमोर उभी होते तर गळ्यात ओळखपत्र अडकवलेला एक जण मदतीला आला. परदेशी कार्ड या मशीनला चालत नाही म्हणाला, माझ्या कार्डावर चार दिवसांचा पास काढून देतो, तुम्ही मला रोख द्या. मी त्याच्या डोळ्यांकडे न बघता मशीनकडे बघितलं, सॅक पुढे घेतली आणि "नो" म्हणून कर्मचारी बसलेल्या खिडकीवर गेले. त्या वर्षीच्या जानेवारीपासून पॅरिसमध्ये मेट्रोचं एक तिकीट २.५० युरोला झालं होतं. ही माणसं एखादं मुलांचं स्वस्त तिकीट काढून हातात ठेवतात आणि पासाचे पैसे घेतात. गेटवर कळेपर्यंत ती गर्दीत मिसळलेली असतात. साक्रे कर चर्चच्या पायऱ्यांवर मनगटाला दोरा बांधणारे, सेन नदीकाठी "ही सोन्याची अंगठी तुमची पडली का" विचारणारे, सह्या मागायला कागदाचा पुठ्ठा पुढे करणाऱ्या मुली, हे सगळे दिसले. मिलानला दुओमो या मोठ्या चर्चसमोरच्या चौकात कबुतरांसाठी मक्याचे दाणे तळहातावर ठेवून नंतर पैसे मागतात. दोरा असो की दाणा, त्यांना तुमचा हात हवा असतो. हात खिशात ठेवा.

बाबांना मी पुढच्या रविवारी फोनवर सांगितलं. थोडा वेळ ते काही बोलले नाहीत. मग म्हणाले, "नोटेचा फोटो पाठव." पाठवला. म्हणाले, "कागद चांगला आहे गं. मीसुद्धा घाईत चुकलो असतो." आणि मग, "पोरांचे पैसे?" मी म्हटलं, देणार आहे. ते म्हणाले, "मी पाठवत नाही. तू दे."

तिघंही नको म्हणत होते. मी बेकरीत शनिवारची सकाळची पाळी घेतली, पहाटे पाच ते नऊ. नागपूरच्या मैत्रिणीचे ५० युरो डिसेंबरातच दिले, कोचीच्या मैत्रिणीचे जानेवारीत. हैदराबादच्या मित्राला फेब्रुवारीत दिले, तेव्हा त्याने ते घेतले आणि त्यातून आमच्या चौघांची पॅरिसच्या बसची तिकिटं काढली.