सात महिने, चार चेलो: बाखच्या सुइट ऐकताना

बाख या जर्मन संगीतकाराच्या चेलोसाठीच्या सुइट ऐकायच्या ठरवल्या. चेलो म्हणजे व्हायोलिनचा मोठा, खालच्या आवाजाचा भाऊ. चेलोवादक पाब्लो कासाल्सचा संच सवलतीत मिळाला म्हणून आधी तोच घेतला, आणि तिथेच चुकलो. १९३६ ते १९३९ मधलं हे ध्वनिमुद्रण. सुरू झालं तेव्हा स्पेनमध्ये यादवी पेटलेली आणि कासाल्स साठीला टेकलेले. जुन्या तबकडीची खरखर आहेच, पण माझ्या प्रतीत ती काढायच्या नादात कुणीतरी चेलोचा आवाजही तासून टाकलाय. गज तारेवर टेकतो तो क्षणच ऐकू येत नाही. दोन आठवड्यांत संच कपाटात गेला.

बाखच्या चेलोसाठीच्या सुइट सहा, प्रत्येकीत सहा तुकडे: सुरुवातीला प्रेल्यूद, मग अलमांद, साराबांद, जीग अशी नाचांची नावं असलेले. सोबतीला कुणी नाही. बाखच्या हातची प्रत उरलेली नाही. पत्नी आना माग्दालेनाने केलेली नक्कल आहे, पण किती स्वर एका गजात घ्यायचे याच्या खुणा तिच्यात जागोजागी विस्कळीत आहेत. त्यामुळे कागद तोच असूनही प्रत्येक वादक आपापल्या ठिकाणी श्वास घेतो. हे कळल्यावर ‘सर्वांत शुद्ध कोणतं’ हा प्रश्न मी सोडून दिला. रोज कोणतं लावावंसं वाटतं, एवढंच पाहायला लागलो.

पिएर फूर्निए (१९६०) लगेच जमला. आवाज गोल, लय सरळ, उगाच उसासे नाहीत. स्वयंपाक करताना लावा, कुकरच्या शिट्टीतूनही ओळ सुटत नाही. थोडा सभ्यच आहे म्हणा. जीगमध्ये नाचायचं असतं, तिथेही कोटाची बटणं लावूनच नाचतो.

मग ॲनर बिल्स्माचं १९७९ चं घेतलं. आतड्याच्या तारा, जुन्या धाटणीचं वादन. पहिल्या दिवशी कोरडं वाटलं. आई शेजारच्या खोलीत पेटीवर भजनाची चाल बसवत होती, ती उठून आली.

“अरे, काल हेच पांढरी पाचात होतं ना? आज काळी तीनात कसं?”

तिने बरोबर पकडलं होतं. आजच्या ४४० हर्ट्झऐवजी (सूर जुळवायचं माप) हे वाद्य ४१५ ला लावलेलं, म्हणजे सगळं अर्ध्या स्वराने खाली. आईला बाख ठाऊक नाही, पण “हा माणूस बोलल्यासारखा वाजवतो” असं म्हणून ती अलमांद संपेपर्यंत दारात उभी राहिली. मला ते बोलणं ऐकू यायला महिना लागला. लांब स्वर तो ताणून धरत नाही, अर्ध्यावर सोडतो, आणि राहिलेला आपल्याच कानात पुरा होतो. सहावी सुइट पाच तारांच्या वाद्यासाठी लिहिलेली आहे. बिल्स्मा ती तशाच छोट्या चेलोवर वाजवतो, म्हणून वरचे स्वर ओढाताण न होता येतात. सहावीसाठी मी आता दुसरं काही लावत नाही.

चौथा रोस्त्रोपोविच. १९९१ साली फ्रान्समधल्या वेझलेच्या बासिलिकात, म्हणजे मोठ्या चर्चमध्ये, वाजवलेलं. हेडफोनवर दगडी कमानींचा घुमारा इतका येतो की जलद तुकड्यांत स्वर एकमेकांच्या अंगावर पडतात. सकाळच्या लोकलमध्ये तर नकोच. आवाज वाढवला की घुमारा वाढतो, कमी केला की गाडी जिंकते.

एक तक्रार गाणी ऐकायच्या ॲपविषयीही. तुकड्यातुकड्यांत जाहिरात किंवा फालतू शांतता घुसते, आणि आपोआप पुढे सरकताना पहिल्या सुइटच्या प्रेल्यूदनंतर भलत्याच वादकाची प्रेल्यूद येते. पूर्ण सुइट ऐकायची तर अल्बम उघडूनच लावा.

नव्याने ऐकणाऱ्याने फूर्निए घ्यावा, वर्षभराने बिल्स्मा. कासाल्स घ्याच, पण खरखर शाबूत ठेवलेली प्रत शोधा. मी दुसरी प्रत मित्राकडे ऐकली आणि कासाल्सची माफी मागावीशी वाटली. रोस्त्रोपोविचचा संच मला विकायचाय. पण पाचव्या सुइटची साराबांद, जिच्यात दोन स्वर कुठेच एकत्र वाजत नाहीत, रात्री दिवा मालवून त्याचीच लावली जाते. स्वर थांबतो, दगडी छत त्याला थोडा वेळ धरून ठेवतं, मग पुढचा येतो. तीन महिने झाले, जाहिरात अजून टाकलेली नाही.