राउटरवर स्वतःचा सेटिंग फॉर्म: लुआ, जावास्क्रिप्ट की सरळ आपलं वेगळं पान?

सांगली-मिरजेतल्या अभ्यासिका, छोटे दवाखाने, मुलींची वसतिगृहं बहुतेक घरगुती राउटरवरच चालतात. त्यातल्या काहींवर ओळखीतल्या कुणीतरी ओपनडब्ल्यूआरटी, म्हणजे राउटरच्या मूळ सॉफ्टवेअरऐवजी चालणारं मुक्त सॉफ्टवेअर, टाकून दिलेलं असतं, आणि मग त्या ओळखीतल्या माणसाचा फोन वाजत राहतो : "दादा, पाहुण्यांचा पासवर्ड तेवढा बदलून द्या की." हा लेख तो फोन उचलणाऱ्यासाठी आहे. मालकाच्या हातात तीन-चार सेटिंगचा एक छोटा फॉर्म द्यायचा हे तुम्ही ठरवलंय. तो बांधायचा कसा, हे मात्र अजून ठरलेलं नाही.

वाटा तीन आहेत. लुसी या ओपनडब्ल्यूआरटीच्या वेब इंटरफेसमध्ये जुन्या लुआ पद्धतीने फॉर्म लिहायचा, त्याच लुसीत नव्या जावास्क्रिप्ट पद्धतीने लिहायचा, किंवा लुसीला बाजूला ठेवून आपलं स्वतंत्र पान करायचं. बहुतेकांनी दुसरी वाट धरावी असं माझं स्पष्ट मत आहे. पण आपल्याला कुठली भाषा येते एवढ्यावरून निवड करू नका. फॉर्म कोण उघडणार, कुठल्या फोनवरून, आणि तेव्हा तो फोन कुठल्या वायफायवर असणार, यावर सगळं अवलंबून आहे.

उदाहरण म्हणून विश्रामबागेतली एखादी अभ्यासिका धरू. मालकाला हवं काय? पाहुण्यांच्या वायफायचं नाव, त्याचा पासवर्ड, आणि रात्री ते किती वाजता बंद करून पहाटे किती वाजता सुरू करायचं. एवढंच.

तिन्ही वाटांखालची जमीन एकच

फॉर्म कसाही लिहा, शेवटी तो यूसीआयमध्येच लिहितो. यूसीआय म्हणजे ओपनडब्ल्यूआरटीच्या सगळ्या सेटिंगची एकसारखी मांडणी : नेटवर्कची एक साधी मजकुराची फाइल, वायफायची एक, फायरवॉलची एक. फॉर्मने फाइलमधली ओळ बदलली म्हणजे काम झालं असं वाटतं, पण ती ओळ ज्या सेवेसाठी आहे तिने फाइल पुन्हा वाचायला हवी. ओपनडब्ल्यूआरटीच्या स्वतःच्या सेवांना ही सवय असते. तुम्ही स्वतःची वेगळी फाइल काढलीत, समजा अभ्यासिकेचं वेळापत्रक ठेवायला, तर तुमच्या सेवेच्या सुरुवातीच्या स्क्रिप्टमध्ये 'ही फाइल बदलली की मला उठव' अशी नोंद प्रॉकडीकडे, म्हणजे सेवा सुरू-बंद करणाऱ्या प्रोग्रामकडे, करावी लागते. ती राहिली की फॉर्म "सेव्ह झालं" म्हणतो आणि वायफाय मात्र जसंच्या तसं चालू राहतं. लुआ आणि जावास्क्रिप्ट दोघांनाही हे सारखंच लागू आहे, त्यामुळे फॉर्मला हात घालण्याआधी हे करून टाका.

वेळापत्रकाचं आणखी एक. नव्याने टाकलेल्या ओपनडब्ल्यूआरटीचं घड्याळ यूटीसी, म्हणजे जागतिक प्रमाणवेळेवर असतं. टाइमझोन आशिया-कोलकाता केला नाही, तर "रात्री 11 ला बंद" हा नियम आपल्याकडच्या पहाटे 4:30 ला लागतो, आणि टाइमझोन बदलल्यावर क्रॉन, म्हणजे ठरलेल्या वेळी कामं करणारा प्रोग्राम, तोही रिस्टार्ट करावा लागतो. शिवाय बहुतेक घरगुती राउटरमध्ये घड्याळासाठी बॅटरी नसते. वळवाच्या पावसात लाइट जाऊन आली की इंटरनेटवरून वेळ मिळेपर्यंत राउटरची वेळ मागेच असते. म्हणून वेळेचा कुठलाही फॉर्म करताना सगळ्यात वर राउटरची आत्ताची वेळ दाखवा. मालकाला एका नजरेत कळतं, आणि तुमचे निम्मे फोन वाचतात.

लुआ : चालू असेल तर चालू द्या

लुसी 2008 साली सुरू झाली तेव्हा लुआ ही निवड अगदी योग्य होती. भाषा हलकी, ब्राझीलमध्ये 1993 साली तयार झालेली, आणि तेव्हाच्या राउटरच्या इवल्याशा मेमरीत मावणारी. फॉर्मचं वर्णन लुआमध्ये लिहायचं आणि राउटर स्वतः पान तयार करून पाठवायचा. जुनी बरीचशी मार्गदर्शनं याच पद्धतीची आहेत, त्यामुळे शोधाशोध करणारा नवखा माणूस हमखास इथेच येऊन पोचतो.

इथून सुरुवात करू नका. जानेवारी 2020 मध्ये आलेल्या ओपनडब्ल्यूआरटीच्या 19.07 आवृत्तीपासून लुसीने पान उभं करण्याचं काम ब्राउझरकडे द्यायला सुरुवात केली, आणि ऑक्टोबर 2023 च्या 23.05 पासून मूळ स्थापनेतून लुआ बाहेर पडलं. जुना फॉर्म चालवायचा तर लुसी-कॉम्पॅट नावाचं पॅकेज वेगळं टाकावं लागतं. ते आज चालतं, पण त्यावर नवं घर बांधण्यात अर्थ नाही.

लुआची एक गोष्ट मात्र खरोखर चांगली होती. मालकाने भरलेली माहिती राउटरवरच तपासली जायची. जावास्क्रिप्टकडे जाताना हे हातातून निसटतं, ते पुढे येईलच.

जावास्क्रिप्ट : यात बरंच काही आयतं पदरात पडतं

नव्या पद्धतीत तीन छोट्या फाइल्स लागतात. एकीत फॉर्म, दुसरीत मेनूमधली जागा, तिसरीत परवानग्या. कंपाइल वगैरे काही नाही. राउटरवर कॉपी करा, लुसीची साठवलेली मेनू-यादी पुसा, आरपीसीडी (ब्राउझरच्या मागण्या राउटरवर पार पाडणारा प्रोग्राम) रिस्टार्ट करा, आणि लॉगआउट करून पुन्हा लॉगइन करा. हे शेवटचं विसरू नका, कारण परवानग्या लॉगइन करतानाच मिळतात. नुसतं पान रिफ्रेश करून "परवानगी नाही" हेच दिसत राहिलं तर कारण बहुधा हेच असतं.

फॉर्म लिहिणं म्हणजे तरी काय? कुठली फाइल, तिच्यातला कुठला भाग, आणि त्यात कुठल्या चौकटी, एवढं सांगायचं. पासवर्डच्या चौकटीला वायफाय-पासवर्डचा प्रकार लावला की 8 ते 63 अक्षरांची अट आपोआप लागते. 'रात्री बंद' ही खूण केली तरच वेळेच्या चौकटी दिसाव्यात, तेही एका ओळीत होतं.

नावाच्या चौकटीपाशी थोडं थांबूया. आपल्याकडे लोकांना वायफायचं नाव मराठीत हवं असतं, आणि ते द्यावंच. पण वायफायच्या नावाची मर्यादा 32 अक्षरांची नसून 32 बाइटची आहे, आणि देवनागरीतलं प्रत्येक चिन्ह, काना-मात्रा-वेलांटी-हलन्त धरून, 3 बाइट घेतं. 'अभ्यासिका' 27 बाइटमध्ये बसतं. 'विश्रामबाग' बरोबर 30. त्यापुढे जागा सोडून मराठी २ टाकलात की 34 होतात आणि मर्यादा ओलांडली जाते. लुसीतली लांबीची तपासणी बाइट मोजते, त्यामुळे ती तिथल्या तिथे अडवते. स्वतःच्या पानातली साधी एचटीएमएल चौकट अक्षरं मोजते, म्हणजे असं नाव ती खुशाल आत सोडेल, आणि मग पाहुण्यांचं वायफाय सुरूच होणार नाही. मराठी वापरणाऱ्यांसाठी हा फरक मला फार मोठा वाटतो.

पण ही सगळी तपासणी ब्राउझरमध्ये होते. मागचा आरपीसीडी यूसीआयमध्ये लिहिताना 'हा पासवर्ड 8 अक्षरांचा आहे का' असं विचारत बसत नाही. म्हणून तुमच्या स्वतःच्या फाइलमधली मूल्यं सेवेच्या स्क्रिप्टमध्येही पुन्हा तपासा. वेळ 0 ते 23 मध्ये आहे का, एवढी एक ओळसुद्धा पुरते.

आता सगळ्यात मोलाची सोय. लुसीत 'सेव्ह आणि अप्लाय' केलं की राउटर बदल लागू करतो आणि ब्राउझरकडून पोच यायची वाट बघतो. ठरावीक वेळात, नव्या आवृत्त्यांत ती 90 सेकंद असते, पोच आली नाही तर सगळं आधीसारखं करून टाकतो. चुकीचा आकडा टाकून स्वतःलाच बाहेर कोंडून घेण्याची वेळ यामुळे येत नाही. कुपवाडहून मिरजेला फक्त राउटर रिसेट करायला जावं लागू नये, तर ही सोय सोडू नका.

तिच्यामुळेच एक घोळ मात्र ठरलेला आहे, आणि तो मालकाला आधीच समजावून द्यावा लागतो. मालक स्वतःच पाहुण्यांच्या वायफायवर आहे आणि तिथूनच त्याचा पासवर्ड बदलतोय असं समजा. बदल लागू होताच त्याचा फोन तुटतो. पोच जात नाही. दीड मिनिटाने जुना पासवर्ड परत येतो, आणि मालक म्हणतो, "तुमचा फॉर्म काही चालत नाही." मालकाचा फोन मुख्य वायफायवर असला तरी दोन्ही नावं एकाच रेडिओवर असतील तर क्षणभर तेही डळमळतं. तेवढ्यात फोन मोबाइल डेटावर उडी मारतो आणि पोच राउटरपर्यंत पोचतच नाही. उपाय साधा आहे. फॉर्मच्या वरच ठळक मराठीत लिहा : 'हे पान मुख्य वायफायवरूनच उघडा, मोबाइल डेटा बंद ठेवा, आणि हिरवा संदेश येईपर्यंत पान सोडू नका.' लुसीत न तपासता लागू करण्याचाही पर्याय असतो, पण तो मालकाला शिकवू नका.

मालकाला लुसीचा अख्खा मेनू दिसतो, तो फायरवॉलमध्ये शिरला तर काय, ही शंका रास्त आहे. त्यासाठी रूटचा, म्हणजे सगळे अधिकार असलेल्या वापरकर्त्याचा, पासवर्ड त्याला द्यायचाच नाही. आरपीसीडीच्या सेटिंगमध्ये वेगळा वापरकर्ता काढा, त्याला लुसीच्या प्राथमिक परवानग्या आणि फक्त तुमच्या फॉर्मची वाचण्या-लिहिण्याची परवानगी द्या. ज्या पानांची परवानगी नाही ती मेनूत उमटतच नाहीत. तिसऱ्या वाटेकडे जाणाऱ्यांपैकी बऱ्याच जणांना ही सोय माहीत असती तर ते गेलेच नसते.

मराठीचं म्हणाल तर लुसीला मराठी भाषेची सोय आहे, आणि तुमच्या फॉर्मचा मजकूर वेगळ्या भाषांतर फाइलमध्येही ठेवता येतो. एकाच अभ्यासिकेपुरतं काम असेल तर मजकूर सरळ मराठीतच लिहून टाका.

वेगळं पान : कधी, आणि कुठपर्यंत

तरीही काही वापरकर्ते असे असतात की त्यांना लॉगइननंतर मेनू नावाची वस्तूच नको. वसतिगृहाच्या रखवालदार मामांना एकच मोठं बटण हवंय : 'नेट बंद' आणि 'नेट सुरू'. अशा ठिकाणी स्वतंत्र पान शोभतं. राउटरवरच्या यूएचटीटीपीडी या वेब सर्व्हरला यूबसची (राउटरमधल्या सेवांच्या आपसातल्या संवादाच्या वाटेची) जोड दिली, तर तुमचं पान जेसन या साध्या मजकुराच्या मांडणीतून थेट राउटरशी बोलू शकतं : आधी लॉगइन, मग मिळालेली सत्राची खूण जोडून प्रत्येक मागणी. परवानग्यांची व्यवस्था लुसीचीच वापरता येते, ही जमेची बाजू.

बाकी सगळं मात्र तुमच्या गळ्यात. मागे फिरण्याची 90 सेकंदांची सोय तुम्हालाच मागवावी लागते आणि पोचही तुम्हालाच पाठवावी लागते. बाइट मोजणं तुमचं, चूक झाल्याचा संदेश दाखवणं तुमचं, सत्र संपल्यावर पुन्हा लॉगइन मागणं तुमचं. एका बटणासाठी हे परवडतं. आठ चौकटींसाठी परवडत नाही.

याच वाटेला एक आडवाट फुटते, तिच्याकडे जाऊ नका असं मी कळकळीने सांगतो. शेल स्क्रिप्ट (राउटरच्या आज्ञांची यादी) लिहून ती सीजीआय फोल्डरमध्ये, म्हणजे पान उघडताच स्क्रिप्ट चालते त्या जागी, टाकायची आणि फॉर्ममधून आलेलं मूल्य थेट आज्ञेत जोडायचं. दहा ओळींत काम होतं, म्हणून मोह होतो. पण ओपनडब्ल्यूआरटीत ती स्क्रिप्ट रूटच्या अधिकाराने चालते. पासवर्डच्या चौकटीत कुणी अर्धविराम टाकून पुढे एखादी आज्ञा लिहिली तर तीही रूट म्हणूनच चालू शकते. ही भीती काल्पनिक नाही. डिसेंबर 2016 मध्ये नेटगिअरच्या आर 7000 आणि त्याच्या भावंडांत अगदी अशीच खोट जाहीर झाली. पत्त्यामध्ये सीजीआय फोल्डरच्या नावापुढे अर्धविराम आणि आज्ञा लिहिली की ती लॉगइनशिवाय चालत होती. नवीन फर्मवेअर (राउटरचं आतलं सॉफ्टवेअर) येईपर्यंत ते राउटर वापरू नयेत, असा सल्ला अमेरिकेतल्या सर्ट या संगणक-सुरक्षा समन्वय केंद्राने दिला. अभ्यासिकेत तर रोज नवी मुलं येतात, आणि त्यातली बरीचशी संगणकातलीच असतात. शेलमध्ये काही करणं भागच असेल तर ते आरपीसीडीच्या स्वतःच्या स्क्रिप्टच्या जागेत ठेवा, आणि परवानगीच्या फाइलमधून तेवढ्याच कामाला वाट द्या.

निवड करताना

तुमच्याकडे चालता लुआ फॉर्म असेल आणि राउटरची आवृत्ती बदलायची नसेल, तर त्याला हात लावू नका. पण 23.05 किंवा त्यापुढच्या आवृत्तीवर जाणार असाल तर त्याच वेळी तो जावास्क्रिप्टमध्ये उतरवा. चौकटींची नावं जवळपास तीच आहेत, त्यामुळे काम वाटतं तेवढं मोठं नाही. नव्याने करणार असाल आणि मालक स्मार्टफोन सहज वापरणारा असेल, तर जावास्क्रिप्टचा फॉर्म आणि मर्यादित वापरकर्ता ही जोडी घ्या. एकच बटण हवं असेल तरच वेगळं पान.

राउटर कोणता, याचाही थोडा विचार करा. 4 एमबी फ्लॅश आणि 32 एमबी रॅमच्या जुन्या राउटरवर यातलं काहीच करू नका. तिथे नव्या आवृत्त्यांना जागाच पुरत नाही. टीपी-लिंकच्या आर्चर सी 6 च्या तिसऱ्या आवृत्तीसारख्या 16 एमबी फ्लॅश आणि 128 एमबी रॅमच्या राउटरवर लुसी आणि तुमचा फॉर्म आरामात राहतात.

फर्मवेअर अपग्रेड करताना सेटिंगच्या फाइल्स टिकतात, पण वेब फोल्डरमध्ये आणि मेनू-परवानग्यांच्या जागी तुम्ही हाताने टाकलेल्या फाइल्स टिकत नाहीत. त्यांचे पत्ते सिसअपग्रेडच्या (अपग्रेड करणाऱ्या प्रोग्रामच्या) यादीत लिहून ठेवा, किंवा इमेज बिल्डर या ओपनडब्ल्यूआरटीच्या साधनाने तुमचा फॉर्म आतच घालून फर्मवेअर तयार करा. चार-पाच ठिकाणी एकच फॉर्म लावणार असाल तर दुसरा मार्ग घ्या. पहिल्यांदा थोडा वेळ जातो, पण नंतर प्रत्येक नव्या राउटरवर एकच फाइल चढवायची असते.