‘तुमच्या मुलाची निवड झाली आहे’

हा मेसेज मी अजून डिलीट केलेला नाही. १४ जानेवारी २०२३, संक्रांतीची आदली रात्र. मी तिळाच्या वड्या थापत होते, हात तुपाचे होते, म्हणून लेकानेच फोन घेऊन मोठ्याने वाचला. ‘अभिनंदन! ट्रायलमधून तुमच्या मुलाची आमच्या फुटबॉल अकॅडमीसाठी निवड झाली आहे. जागा मर्यादित असल्याने ४८ तासांत प्रवेश निश्चित करावा.’ तो बारा वर्षांचा होता. घरभर पळत सुटला. नुकताच महिन्यापूर्वी मेस्सीने वर्ल्ड कप उचललेला आणि आमच्या चिंचवडच्या सोसायटीतली निम्मी मुलं निळ्या-पांढऱ्या पट्ट्यांचा शर्ट घालून हिंडत होती.

मी लगेच कोल्हापूरला माझ्या भावाला फोन केला. दादा आमच्या पेठेतल्या तालमीच्या फुटबॉल संघाकडून बरीच वर्षं खेळला. त्याचा पहिला प्रश्न होता, “बरं झालं. पण रजिस्ट्रेशन कुठं करणार हाईत त्याचं?” मला प्रश्नच कळला नाही. म्हटलं, “अरे, अकॅडमीत नाव घातलंय की.” तो म्हणाला, “अकॅडमीत न्हवं गं. असोसिएशनकडं.” मला वाटलं, दादाचा जमाना वेगळा होता. तो एक प्रश्न मी तेव्हा अकॅडमीच्या सरांना विचारला असता, तर आज हे लिहायची वेळ आली नसती.

कोल्हापुरात हंगाम सुरू व्हायच्या आधी खेळाडूंची कोल्हापूर स्पोर्ट्स असोसिएशनकडे नोंदणी होते. कोण कुठल्या संघाकडून खेळणार हे तिथे ठरतं आणि मग शाहू स्टेडियमवर सामने. ज्याची नोंदणी नाही तो कितीही चांगला खेळला तरी गल्लीतलाच. हे माझ्या माहेरी शेंबड्या पोरालाही माहीत असतं. मी त्याच गावची, आणि मला ते आठवलं नाही.

ट्रायलचे ५०० रुपये घेतले होते. त्या दिवशी मैदानावर चाळीसेक मुलं होती. पुढे दोन वर्षांनी आम्ही पालक एकत्र बसलो तेव्हा एकेकाने आपापला फोन काढला. सगळ्यांकडे तोच मेसेज, तीच वेळ. एका मुलाला ट्रायलच्या दिवशी ताप होता, तो गेलाच नव्हता, फक्त पैसे भरले होते. त्याचीही निवड झाली होती.

पहिले पाच महिने फी महिन्याला ३,५०० रुपये. किटचे ७,२०० वेगळे, आणि किट त्यांच्याकडूनच घ्यायचं. सराव मात्र नियमित व्हायचा, हे मी मान्य करते. सकाळी सहाला लेक स्वतःहून उठायचा, बूट पुसून ठेवायचा. जून २०२३ मध्ये सर म्हणाले, “ताई, याच्यात वेगळी चमक आहे. याला साध्या बॅचमध्ये ठेवलं तर पाप लागेल मला.” एलिट बॅच, वर्षाचे ५४,००० रुपये, एकरकमी. माझी भिशी लागली होती, ती तिकडे गेली. आमच्या ह्यांनी तेव्हा विचारलं होतं की या बॅचमध्ये वेगळं काय शिकवणार. सर हसून म्हणाले, “परफॉर्मन्स अॅनालिसिस.” आम्ही दोघंही गप्प बसलो. चाकणला शिफ्ट करणारा माणूस आणि घरी ब्लाऊज शिवणारी बाई, आम्हाला त्यातलं काय कळणार, असं आमचं आम्हीच ठरवून टाकलं.

वर्षभरात मुलांचे सामने किती झाले? बाहेरच्या संघाशी, लीगमध्ये, एकही नाही. प्रत्येक वेळी आपल्याच दोन बॅच आपसांत खेळायच्या. नोव्हेंबरमध्ये ‘राष्ट्रीय स्पर्धा’ म्हणून गोव्याला नेलं, त्याचे १२,५०० रुपये. तिथे दहा संघ होते आणि त्यांतले सहा याच आयोजकांच्या वेगवेगळ्या शाखांचे. लेक पदक आणि प्रमाणपत्र घेऊन आला. मी ते लॅमिनेट केलं. नंतर शाळेच्या पीटीच्या सरांना दाखवलं, दहावीला क्रीडा गुणांसाठी उपयोगी पडेल म्हणून. त्यांनी ते उलटसुलट करून पाहिलं, शिक्का वाचला आणि शांतपणे म्हणाले, “बाई, मान्यताप्राप्त संघटनेची स्पर्धा लागते. ही कुणाची आहे?” त्यावर ना राज्य संघटनेचं नाव होतं, ना जिल्ह्याच्या. अकॅडमीच्या सरांना विचारलं तर उत्तर आलं, “हे सरकारी लोक प्रायव्हेटला कमीच लेखतात.” आम्ही तेही मानलं.

जानेवारी २०२४ मध्ये स्पेन आलं.

रविवारी एका हॉटेलच्या हॉलमध्ये पालकांना बोलावलं. पडद्यावर हिरवंगार मैदान, गोऱ्या मुलांचे फोटो. एलिटमधून फक्त अठरा मुलं निवडली आहेत, मे महिन्यात बारा दिवस स्पेनला जायचं, एक आंतरराष्ट्रीय स्पर्धा खेळायची, तिथल्या क्लबचे स्काउट, म्हणजे चांगले खेळाडू हेरणारे लोक, बघायला येणार, आवडलेल्या मुलाला तिथेच ठेवून घेतील. माणशी २,८०,००० रुपये. प्रत्येक पालकाला हातात निवडपत्र दिलं. जाड कागद, वर सोनेरी चिन्ह. खाली सही होती, पण सही करणाऱ्याचं नाव नव्हतं. लेकाच्या नावाच्या स्पेलिंगमध्ये एक अक्षर चुकलं होतं. मी ते पाहिलं आणि मनात म्हटलं, परदेशी लोकांना आपली नावं कुठे जमतात.

आता दोन गोष्टी सांगते. त्या मला तेव्हा माहीत नव्हत्या, आणि ज्यांच्या घरात असं पत्र आलंय त्यांनी पैसे भरायच्या आधी त्या नीट वाचाव्यात. पहिली अशी की युरोपात मुलांच्या मोठमोठ्या फुटबॉल स्पर्धा खरोखरच होतात. स्वीडनमधली गोथिया कप १९७५ पासून चालू आहे, स्पेनमध्येही अशा स्पर्धा आहेत. पण बहुतेकांत क्लबने नाव नोंदवून पैसे भरले की संघ खेळू शकतो. म्हणजे ‘स्पेनच्या स्पर्धेसाठी निवड’ याचा अर्थ पुष्कळदा एवढाच की तुमची पैसे भरण्याची तयारी आहे. दुसरी गोष्ट याहून महत्त्वाची. फिफाचा, म्हणजे जागतिक फुटबॉल संघटनेचा, नियम आहे की अठरा वर्षांखालच्या खेळाडूची एका देशातून दुसऱ्या देशातल्या क्लबकडे नोंदणी होत नाही. थोडे अपवाद आहेत, जसं की आईवडील फुटबॉलशी संबंध नसलेल्या कारणाने त्या देशात राहायला गेले असतील, किंवा मुलगा सोळा-सतरा वर्षांचा असून युरोपातल्या युरोपात जात असेल. चिंचवडचा चौदा वर्षांचा मुलगा यातल्या कशातच बसत नाही. स्पेनच्या क्लबला तो कितीही आवडला तरी ते त्याला ठेवून घेऊ शकत नाहीत. ‘आवडला तर तिथेच ठेवतील’ या एका वाक्यावर अठरा घरांनी पैसे मोजले आणि ते वाक्य पहिल्या दिवसापासून खोटं होतं.

आम्ही त्यातले दीड लाख भरले. एक लाखासाठी माझ्या पाटल्या बँकेत गेल्या, पन्नास हजारांसाठी ह्यांनी आरडी मोडली. पैसे अकॅडमीच्या खात्यावर नाही, सरांच्या नातेवाइकाच्या खात्यावर. “अकॅडमीच्या खात्यावर घेतले तर जीएसटी लागेल, तो तुमच्यावरच येईल,” असं कारण दिलं. पावती म्हणून साध्या वहीच्या पानावर सही. आणि सगळ्या मुलांचे पासपोर्ट ‘ग्रुप व्हिसा’साठी त्यांनी ठेवून घेतले.

मे आला. तारीख ऑक्टोबरवर गेली. “युरोपचा उन्हाळा, व्हिसाला गर्दी,” म्हणे. दुसऱ्या वर्षाच्या एलिट फीचे २७,००० मधल्या काळात भरून झाले, कारण न भरणाऱ्याचं नाव दौऱ्यातून कमी होणार होतं. ऑक्टोबरच्या पहिल्या आठवड्यात ग्रुपवर मेसेज आला की दूतावासाने व्हिसा नाकारला, आमचाही नाइलाज आहे, प्रोसेसिंगचा खर्च वजा करून उरलेली रक्कम टप्प्याटप्प्याने देऊ.

ते खोटं पकडलं ह्यांच्या कंपनीतल्या एका मित्राने. तो कंपनीच्या कामासाठी जर्मनीला जाऊन आला होता. जेवणाच्या सुट्टीत ह्यांनी त्याला हकिगत सांगितली तर तो डबा बाजूला ठेवून म्हणाला, “मुलाला बोटांचे ठसे द्यायला कधी नेलं होतं?” जर्मनी काय, स्पेन काय, व्हिसा एकच, शेंगेन. त्यासाठी पहिल्यांदा अर्ज करताना बारा वर्षांवरच्या माणसाला स्वतः केंद्रात जाऊन ठसे द्यावे लागतात. लहान मुलगा असेल तर आईवडिलांच्या संमतीचे कागद लागतात. आणि व्हिसा नाकारला तर कारण लिहिलेलं पत्र मिळतं. आम्हाला कुणी कुठे बोलावलं नव्हतं, कसल्या कागदावर सही घेतली नव्हती. म्हणजे व्हिसा नाकारला गेला नव्हता, अर्जच केलेला नव्हता. हे त्या संध्याकाळी घरी आले, चप्पलही न काढता दारात उभे राहिले आणि म्हणाले, “त्यांनी काहीच केलं नाही गं. काहीच नाही.”

दुसऱ्या दिवशी आम्ही मैदानावर गेलो. तिथे वेगळीच मुलं क्रिकेट खेळत होती. मैदान तासाच्या भाड्याचं होतं आणि मालकाचंही तीन महिन्यांचं भाडं थकलेलं. त्याने आमच्याकडेच सरांचा पत्ता मागितला.

पुढचं थोडक्यात सांगते. वकिलांकडून पत्र गेल्यावर पासपोर्ट आठ दिवसांत कुरियरने परत आले. पासपोर्टवरच छापलेलं असतं की तो भारत सरकारची मालमत्ता आहे. आम्ही तो इतके महिने एका पाकिटात घालून परक्या माणसाच्या कपाटात राहू दिला होता. पैशांपैकी २०,००० परत मिळाले. बाकीचा चेक दिला तो जानेवारी २०२५ मध्ये वटला नाही. चेक परत आला की बँकेकडून मेमो घ्यायचा, तीस दिवसांच्या आत नोटीस पाठवायची, समोरच्याला पंधरा दिवसांची मुदत असते, आणि तरी पैसे आले नाहीत तर महिन्याच्या आत कोर्टात तक्रार. या तारखा चुकवू नका. आमच्यातल्या दोन पालकांनी “आज देतो, उद्या देतो” ऐकत नोटिशीची मुदत घालवली. शिवाय आम्ही सात जणांनी जिल्हा ग्राहक आयोगातही तक्रार केली आहे. पाच लाखांपर्यंतच्या व्यवहाराला तिथे फी लागत नाही आणि दोन वर्षांच्या आत जाता येतं. सुरुवात कुठून करायची कळत नसेल तर १९१५ या ग्राहक हेल्पलाइनला फोन करा. बाकीचे अकरा जण आले नाहीत. एक वडील म्हणाले, “गावात नाव होईल, की यांना फसवलं.” त्यांचं दुःख मला कळतं, पण त्या माणसाचा सगळा धंदा याच लाजेवर चाललाय.

आमचे एकूण २,६८,७०० रुपये गेले, त्यातले वीस हजार आले. पण त्या सगळ्या काळात मला सर्वांत जास्त लागलं ते लेकाचं एक वाक्य. दौरा रद्द झाल्याचं कळल्यावर तो दोन दिवस बोलला नाही. तिसऱ्या दिवशी मी मशीनवर बसले होते, तर मागून येऊन विचारलं, “आई, मी नीट खेळत नाही म्हणून झालं का हे?” दोन वर्षं त्याला रोज कुणीतरी सांगत होतं की तू स्टार आहेस. तो खरंच कसा खेळतो हे त्याला एकदाही कुणी सांगितलं नव्हतं.

दादा त्याला दिवाळीच्या सुट्टीत कोल्हापूरला घेऊन गेला. तालमीच्या मुलांबरोबर चार दिवस खेळवलं आणि मला फोन करून स्पष्ट म्हणाला, “पळतोय चांगला. डावा पाय अजिबात चालत न्हाई. पोझिशन कळत न्हाई. दोन वर्षं काय शिकवलंय ह्याला?” ते ऐकून मला रडू आलं, पण लेकाचा चेहरा मात्र परत आल्यावर उजळलेला होता. आता तो महापालिकेच्या मैदानावर एका छोट्या क्लबमध्ये जातो. महिन्याला ८०० रुपये. तिथल्या कोचना मी पहिल्याच दिवशी दादाचा प्रश्न विचारला. त्यांनी राग न मानता आपलं कोचिंग लायसन्स दाखवलं, संघ कुठल्या लीगमध्ये खेळतो ते सांगितलं, आणि पुढच्याच महिन्यात अखिल भारतीय फुटबॉल महासंघाच्या ऑनलाइन यंत्रणेत लेकाची नोंदणी करून त्याचा नंबर मला पाठवला. यासाठी मला कुणाच्या पाया पडावं लागलं नाही. जो क्लब खरा असतो त्याला हे विचारलेलं आवडतं, आणि जो टाळाटाळ करतो त्याच्याकडे एक रुपयाही भरू नका.

मागच्या रविवारी मी रावेतकडे एका गिऱ्हाइकाचे ब्लाऊज द्यायला गेले होते. रस्त्याला लागून नवीन टर्फ झालंय, त्यावर मोठा फ्लेक्स. अकॅडमीचं नाव वेगळं, फोटोत तेच सर. गेटवर दोन बाया मुलांच्या पाण्याच्या बाटल्या धरून उभ्या होत्या. मी गाडी लावली आणि त्यांना सगळं सांगितलं, फोनमधला तो मेसेजही दाखवला. एकीने माझा नंबर घेतला. दुसरीने मेसेज वाचला, माझ्याकडे पाहिलं आणि म्हणाली, “नाही हो, आमच्या मुलाची खरंच निवड झालीय. चाळीस मुलांमधून.” तिच्या खांद्यावर किटची नवी बॅग होती, अजून प्लॅस्टिकसुद्धा काढलेलं नव्हतं.