लग्नाची ऑर्डर की कंपनीचा कार्यक्रम?

कॅमेरा आहे, हात बसलाय, नोकरी सोडून पूर्ण वेळ फोटोग्राफी करायची हेही पक्कं आहे. अडलंय ते एवढ्यावरच, की लग्नं धरायची की कंपन्यांचे कार्यक्रम. पुण्यात दसऱ्याच्या सुमाराला हा प्रश्न कोणी ना कोणी विचारतंच आणि त्याला ‘तुला काय आवडतं ते कर’ असं उत्तर मिळतं. माझ्या मते आवडीचा नंबर दुसरा. आधी पैसा कधी येतो आणि काम कधी संपतं ते बघा. लग्नात बयाणा आधी हातात पडतो आणि काम महिनोन्‌महिने रेंगाळतं. कंपनीचं काम त्याच रात्री हातावेगळं होतं आणि पैशाची वाट बघत बसावं लागतं.

लग्नाचे पैसे साधारण तीन टप्प्यांत येतात: बोलणी पक्की झाली की बयाणा, कार्यादिवशी मोठी रक्कम आणि उरलेले अल्बम देताना. खरी मेख त्या शेवटच्या टप्प्यात आहे. नवरा-नवरी फिरून येतात, कामाला लागतात आणि फोटोंचं सिलेक्शन राहतं ते राहतंच. अल्बम डिझाइन होऊन गेल्यावर कुणालातरी आठवतं की मामेसासऱ्यांचा एकही फोटो घेतलेला नाही. तोवर तुमची हार्ड डिस्क अडकलेली. 24 मेगापिक्सेलची एक रॉ फाइल (कॅमेऱ्याची कच्ची, मोठी फाइल) 25 एमबी धरली तरी 3,000 फ्रेमचे 75 जीबी होतात, आणि प्रत्येकाची दुसरी कॉपी वेगळी. म्हणून अल्बमवर लटकणारी रक्कम लहान ठेवायची आणि बयाणा घेतानाच लिहून द्यायचं: सिलेक्शन अमुक दिवसांत आलं नाही तर आम्ही निवडू, दुरुस्त्या फक्त दोनदा. सुरुवातीला असं लिहायला संकोच वाटतो. पण लिहा.

दुसरी अडचण मुहूर्तांची. तुळशीची लग्नं लागली की सीझन सुरू, पौषात बरेच जण थांबतात, मग माघापासून पुन्हा, आणि एप्रिल-मे म्हणजे नुसती पळापळ. आषाढी एकादशीनंतर चातुर्मास लागला की काढीव मुहूर्तांवरची थोडी कामं सोडली तर हात रिकामे. त्यात पंचांग सगळ्यांचं एकच, त्यामुळे एका तारखेला चार फोन येतात आणि पुढचा आठवडा कोरडा जातो. तुम्ही कितीही नावारूपाला आलात तरी एका मुहूर्तावर एकाच कार्यालयात उभे राहू शकता. कमाई वाढवायची तर दर वाढवा, नाहीतर टीम उभी करा आणि मग टीमचे रोज, जेवण, गाडी हे सगळं तुमच्या डोक्यावर.

असं असूनही माणसं लग्नं सोडत नाहीत. भटजींनी ‘तदेव लग्नं सुदिनं तदेव’ म्हणायला घेतलं की अनुभवी फोटोग्राफर बाकी सगळं सोडून जागा धरतो, कारण आता अंतरपाट सरणार. पडदा बाजूला झाल्यावर दोघं एकमेकांकडे पाहतात ते जेमतेम दोन-तीन सेकंद. त्यानंतर अक्षता, वाजंत्री, मित्रांनी उचलून धरलेला नवरा आणि मधेच घुसलेले मोबाइलचे हात. ऑटोफोकस उडत्या अक्षतांवर जाऊन बसला तर चेहरा गेला. हार पुन्हा घालायला लावता येतात, पण ती नजर पुन्हा मिळत नाही. ज्याला या दोन-तीन सेकंदांची भीती वाटते आणि तरीही ती हवीशी वाटतात, त्याने लग्नंच करावीत.

कंपनीच्या कामात कस वेगळ्या ठिकाणी लागतो. हिंजवडीतली वार्षिक सभा असो, मोशीच्या केंद्रातलं प्रदर्शन असो की गोरेगावच्या नेस्कोतली परिषद, वक्त्याच्या मागे भलीमोठी एलईडी वॉल असतेच. वॉलच्या उजेडावर एक्स्पोजर धरलं की चेहरा काळा पडतो. आवाज नको म्हणून सायलेंट शटर लावलं की फोटोवर आडवे पट्टे उमटतात. आपल्याकडची वीज 50 हर्ट्झची आणि दिवे तिच्या तालावर लुकलुकतात, म्हणून हॉलच्या दिव्यांत मेकॅनिकल शटर आणि 1/50 किंवा 1/100 हा वेग बरा. वॉलच्या पट्ट्यांसाठी मात्र जागेवर चाचणी घ्यावीच लागते. वक्त्याचे डोळे उघडे हवेत, माइक तोंडावर नको. शिवाय साहेब कोण आणि मुख्य पाहुणे कोण, हे सकाळीच माहीत हवं. त्यांच्या हस्तांदोलनाचा फोटो सुटला तर बाकीच्या चारशे फोटोंना किंमत नाही. आणि सगळे जेवायला गेले की तुम्ही लॅपटॉप उघडायचा, कारण संध्याकाळच्या पोस्टसाठी वीस फोटो त्यांना दुपारीच हवे असतात. एडिटिंगचा हात संथ असेल तर या कामात निभाव लागणं कठीण.

पैशाची चाल इथे अगदी उलट. व्हेंडर म्हणजे पुरवठादार म्हणून नोंदणीचा फॉर्म, पॅन, रद्द केलेला चेक, मग पीओ (कामाची लेखी ऑर्डर), मग बिल, मग 30, 45 किंवा 60 दिवसांचं क्रेडिट. मधे इव्हेंट एजन्सी असेल तर ‘क्लायंटकडून आले की देतो’ हे ऐकायची तयारी ठेवा. टीडीएस, म्हणजे बिलातूनच कापला जाणारा कर, वेगळा: व्यावसायिक सेवा धरली तर 10 टक्के, कंत्राट धरलं तर व्यक्तीला 1 टक्का. रिटर्न भरताना तो तुमच्या करात वळता होतो आणि जादा गेलेला परत मिळतो, पण तोपर्यंत तुमचा पैसा सरकारकडे. सेवेची उलाढाल वर्षाला 20 लाखांच्या आत असेल तर जीएसटी नोंदणी सक्तीची नाही, तरी काही कंपन्या नंबर मागतात.

इथे एक हत्यार मात्र फुकट मिळतं. लहान उद्योगांसाठीची सरकारची ‘उद्यम’ नोंदणी करा आणि तो नंबर प्रत्येक बिलावर छापा. 2006 च्या सूक्ष्म-लघु उद्योग कायद्याप्रमाणे लेखी करार असला तरी 45 दिवसांत, आणि नसला तर 15 दिवसांत पैसे देणं बंधनकारक आहे. 1 एप्रिल 2024 पासून प्राप्तिकरातही तसा नियम आला: मुदतीत दिलं नाही तर प्रत्यक्ष पैसे देईपर्यंत कंपनीला तो खर्च वजा करता येत नाही. अकाउंट्समधल्या माणसाला हे तोंडपाठ असतं, त्यामुळे मार्च जवळ आला की बिलं आपोआप हलतात. तक्रार गुदरण्याइतकं मात्र शक्यतो ताणू नका, पुढचं बोलावणं येत नाही.

कॉपीराइटची गोष्ट दोन्हीकडे सारखीच. 1957 च्या कायद्यानुसार पैसे देऊन काढून घेतलेल्या फोटोचा पहिला मालक, वेगळा करार नसेल तर, पैसे देणारा. इन्स्टावर टाकायचे असतील तर परवानगी करारातच घ्या. नवरीकडून ती सहसा मिळते, कंपन्या बहुधा नाही म्हणतात. म्हणजे लग्नाचं काम स्वतःची जाहिरात स्वतः करतं आणि कंपनीचं काम तोंडी शिफारशीवरच चालतं.

घरखर्चाला सहा महिने पुरतील एवढे पैसे बाजूला नसतील तर लग्नं धरा, आणि पहिला सीझन दुसऱ्या कुणाकडे सेकंड शूटर (मुख्य फोटोग्राफरच्या जोडीचा दुसरा) म्हणून रोजावर जा. पैसे गाठीशी आहेत, इंग्रजीत चार वाक्यं न अडखळता बोलता येतात आणि रविवार घरी हवेत, तर कंपन्यांकडे वळा. दोन्ही करायचं असेल तर एक नियम पाळा. कंपनीची तारीख आठ-दहा दिवस आधी कळते आणि बऱ्याचदा पुढेही ढकलली जाते, म्हणून ‘पेन्सिलने धरून ठेवा’ एवढ्या शब्दावर मुहूर्ताची तारीख सोडू नका. पीओ हातात आला तरच ती कंपनीसाठी अडवा. आणि व्हेंडर नोंदणीची कागदपत्रं श्रावणातच पुरी करून घ्या. तुळशीच्या लग्नानंतर त्याला वेळ मिळणार नाही.