माथेरानचं हॉटेल: जनरेटर आहे, डिझेल नाही

आधीच सांगते, पावसाळ्यात माथेरानला लाईट जाते, पाऊस आडवा येतो, माकडं हातातली पिशवी ओढून नेतात, हे सगळं माहीत असूनच गेलो होतो, त्यामुळे "जुलैत गेलात तर असंच होणार" हे कृपया मला ऐकवू नका. माझं भांडण पावसाशी नाहीच्चे.

तर आम्ही चौघं. मी, नवरा, आठ वर्षांची लेक आणि सासूबाई, वय 71, गुडघे दोन्ही कुरकुरणारे. शुक्रवार ते रविवार, दोन रात्री, जेवणखाण धरून पॅकेज, एका रात्रीचे 5,200. बुकिंग करताना फोनवर दोन गोष्टी दोन-दोनदा विचारल्या. पायऱ्या चढायच्या नाहीत अशी खोली ना? हो मॅडम, बैठी कॉटेज आहे. बॅकअप चोवीस तास ना? हो मॅडम, जनरेटर आहे. आता जनरेटर खरंच होता, खोटं कशाला बोलू, मागच्या शेडमध्ये मी स्वतः बघितला.

नेरळहून वर जाणारी मिनी ट्रेन पावसाळ्यात बंद असते, फक्त वरची अमन लॉज ते माथेरान शटल चालू असते, म्हणून नेरळ ते दस्तुरी (अमन लॉज स्टेशनजवळचा गाडीतळ) टॅक्सी आणि पुढे शटल. दस्तुरीच्या पुढे बाहेरच्या गाड्यांना बंदीच आहे त्यामुळे बॅगा हमालाच्या डोक्यावर. स्टेशनवरून सासूबाईंसाठी हातरिक्षा करणार होतो तर त्या म्हणाल्या माणसाने ओढायच्या गाडीत मी बसायची नाही, मग ई-रिक्षाच्या रांगेत अर्धा तास. असो, तो भाग मजेचाच होता, लाल चिखलात लेकीची चप्पल रुतून तुटली ते सोडून.

पहिल्या रात्री पावणेनऊला लाईट गेली. दहा मिनिटांत जनरेटर सुरू, आम्ही म्हटलं वा. अकराला तोही बंद. मॅनेजर म्हणाला, "डिझेल संपलं मॅडम, सकाळी येईल." अहो, इथे पंप नाही, टँकर येत नाही, गॅसच्या सिलिंडरपासून कांद्या-बटाट्यापर्यंत सगळं दस्तुरीवरून घोड्यावर नाहीतर हातगाडीवर येतं, हे मला दोन दिवसांच्या पाहुणीला कळतं तर जन्म इथे काढलेल्या हॉटेलवाल्याला कळत नाही? शुक्रवारी फुल बुकिंग घेतलंय आणि एक कॅन शिल्लक नाही? बरं, फोनवरच "रात्री अकरापर्यंत चालतो" म्हणाला असता तरी आम्ही आलोच असतो, दोन पॉवर बँक आणि मोठा टॉर्च घेऊन आलो असतो इतकंच.

रात्री दोनला पत्र्यातून गळायला लागलं, आणि खोलीत चार कोपरे असताना नेमकं सासूबाईंच्या उशीवर. बेल वाजेना, लाईटच नाही तर वाजणार कुठून. नवरा मोबाईलच्या उजेडात रिसेप्शनला गेला, तिथे बाकड्यावर एक विशीतला पोरगा झोपला होता, तो एका हाकेत उठला. त्याने पलंग सरकवला, कोरडी चादर आणली, गळतीखाली बादली ठेवली आणि जाताजाता बादलीत एक जुना टॉवेल टाकला. मी विचारलं हे कशाला, तर म्हणतो, "टपटप वाजत नाही मग, आजींना झोप लागेल." लागली की! आमची कोणाची नाही लागली पण त्यांची लागली.

सकाळी मॅनेजरसाहेबांनी तोडगा काढला. वरच्या मजल्यावर डिलक्स रूम, फ्री अपग्रेड. चौदा पायऱ्या, दगडी, शेवाळलेल्या, कठडा एकाच बाजूला. मी म्हटलं दादा, तुम्ही आईंना बघितलंय ना? सहा नंबरची बैठी कॉटेज समोर कुलूप लावून रिकामी दिसत होती, ती मागितली तर ती म्हणे मालकांच्या पाहुण्यांसाठी ठेवलीय, रविवारी येणारेत. मालक मुंबईत, त्यांना विचारायचं तर फोन लागत नाही, लाईट बराच वेळ गेली की टॉवरची बॅटरीही बसते आणि रेंज गुल. दोन तास आम्ही ओल्या सामानासकट डायनिंग हॉलमध्ये. शेवटी आचारी मावशी आतून बाहेर आल्या, मॅनेजरला म्हणाल्या, "उघडून दे रे, शेठला मी सांगते काय ते." पाच मिनिटांत किल्ली हजर. त्या हॉटेलचा मॅनेजर नक्की कोण हे मला तेव्हा कळलं.

आणि जेवण! वाटेत झाड पडल्यामुळे शनिवारी सिलिंडरची हातगाडी आलीच नाही, मेन्यूतलं पनीर आणि नूडल्स बाद. मावशींनी मागे चूल पेटवली, तांदळाची भाकरी, पिठलं, मिरचीचा ठेचा आणि संध्याकाळी कांदाभजी. शुक्रवारच्या त्या पंजाबी ग्रेव्हीपेक्षा शंभर पटीने भारी, खरं म्हणजे यांनी रोज हेच ठेवावं. गीझर बंद म्हणून मागे तांब्याचा बंब पेटवला होता, तो रात्रीचाच पोरगा दारात बादल्या आणून देत होता. सासूबाई तर खूशच, पंचवीस वर्षांनी बंबाचं पाणी अंगावर घेतलं म्हणाल्या आणि त्यानंतर माझ्या तक्रारीला घरातूनच पाठिंबा मिळेनासा झाला.

रविवारी बिल करताना नवा घोळ. वरचा चहा-भजीचा खर्च 860, रेंज नाही म्हणून यूपीआय नाही, कार्डचं मशीन बंद, आमच्याकडे कॅश टॅक्सीपुरती. इथे मॅनेजरला मार्क द्यावे लागतील, चिठ्ठीवर नंबर लिहून दिला आणि म्हणाला नेरळला उतरल्यावर पाठवा. नाव-पत्ता, आधार काही नाही. नेरळ स्टेशनवर पाय टेकल्या टेकल्या पाठवले. पण गळक्या रात्रीचे पैसे कमी करा म्हटल्यावर मात्र "मालकांशी बोला". मालकांशी पुढच्या आठवड्यात तीनदा बोलले. पहिल्यांदा "पावसात असंच असतं मॅडम", दुसऱ्यांदा "बघतो", तिसऱ्यांदा 1,200 परत आले. सॉरी हा शब्द एकदाही नाही.

तीन स्टार देतेय, त्यातला मालकाचा एकही नाही. पावसाळ्यात जाणार असाल तर कॅश भरपूर ठेवा, फोनवर "जनरेटर आहे का" विचारू नका, "किती वाजेपर्यंत चालतो" विचारा. आणि सहा नंबरची कॉटेज मागा, छान कोरडी आहे, मालकाच्या पाहुण्यांसाठी पत्रा अगदी नवा टाकलाय.