स्क्रोटल सपोर्ट: ऑपरेशनच्या आधी आठ महिने, नंतर दीड महिना

अंडकोषाला खालून उचलून धरणारा हा पट्ट्याचा कापडी सपोर्ट मी दोनदा विकत घेतला. पहिल्यांदा घेतला ती चूक होती, म्हणून आधी तेच सांगतो.

माझं वय ५६. मार्केट यार्डात गुळाच्या अडतीवर हिशेब लिहितो. पोरवयात तालमीत होतो, त्यामुळे अंडकोषाची उजवी बाजू सुजायला लागली तेव्हा कधीतरीचा मार उठला असेल असं धरून चाललो. दुखत काहीच नव्हतं. लिंबाएवढी सूज दिवाळीपर्यंत मोसंबीएवढी झाली आणि गाडीवर बसताना अवघड व्हायला लागलं. सर्जिकलच्या दुकानात हळू आवाजात विचारलं, तर दुकानदार म्हणाला, "हा बांधा, पाणी जिरंल हळूहळू."

पाणी जिरत नाही. सपोर्टनं ओझं उचललं जातं, जांघेतली ओढ थांबते, तेवढंच. सूज वाढतच होती.

शेवटी बायकोनं भावाला सांगितलं. तो आला आणि म्हणाला, "दाजी, उठा. आज दाखवूनच यायचं." डॉक्टरांनी खोलीतला दिवा बंद करून सुजेला मागून बॅटरी लावली. सगळी सूज आतून लालसर उजळली. म्हणाले, हायड्रोसिल आहे. अंडकोषातल्या गोळीभोवती दोन पातळ पडदे असतात, त्यांच्यामध्ये पाणी साठलंय. तरीही सोनोग्राफी करायला लावली. एवढ्या पाण्याआड गोळी हाताला नीट लागत नाही, तिच्यात गाठ नाही ना हे बघावंच लागतं. ते ऐकून माझे हातपाय गार पडले. आठ महिने मी वरून बांधत होतो आणि आत काय आहे हे कुणीच बघितलं नव्हतं. रिपोर्ट चांगला आला.

सुईनं पाणी काढता येतं, पण बहुतेक वेळा ते परत भरतं, म्हणून ऑपरेशन केलं. कमरेखालचा भाग बधिर केला होता, दुसऱ्या दिवशी घरी.

आता सपोर्टची खरी किंमत कळली. लंगोट बांधू का, असं मी विचारलं होतं. डॉक्टर नको म्हणाले. लंगोट दाबून मागे ओढतो, सपोर्टची पिशवी खालून अलगद वर उचलून धरते. पहिले पंधरा दिवस रात्रंदिवस घातला. जिना उतरताना तो असला आणि नसला यातला फरक लगेच कळायचा. ऑपरेशननंतरही सूज राहते, ती उतरायला काही आठवडे लागतात; घाबरू नका.

घेताना कमरेचं माप सांगा, सुजेचं नाही. पिशवी सुतीच बघा. माझा पहिला नायलॉनचा होता, मे महिन्यात दोन्ही जांघा सोलून निघाल्या. पायाचे पट्टे रुंद हवेत, अरुंद असले की वळतात आणि काचतात.

पण आधी दाखवा, मग घ्या. खोकलं की फुगणारी, आडवं झालं की आत जाणारी सूज हर्नियाची असू शकते. गोळीतच टणक गाठ लागली तर दुखत नसली तरी थांबू नका. ती कॅन्सरची असू शकते, आणि तो तरण्या पोरांनाही होतो. ताप, लाली, दुखणं असेल तर आत संसर्ग असू शकतो. आणि पोराला अचानक तिथं जोराची कळ आली, उलटी झाली, तर सकाळची वाट बघू नका, रात्रीच दवाखाना गाठा. गोळीला पीळ पडला असेल तर साधारण सहा तासांत सोडवावा लागतो, नाहीतर ती हातची जाते. तान्ह्या बाळाला पाणी असेल तर ते बहुधा वर्षाच्या आत आपोआप जातं, पण डॉक्टरांच्या नजरेखाली राहू द्या.

ऑपरेशन ठरलं असेल तर दोन सपोर्ट घेऊन ठेवा. आपल्याकडच्या पावसात एक धुतला की दोन दिवस वाळत नाही, आणि ओला घालायचा नाही.